आधी एसएमपीएसवरचा स्टिकर वाच

कोपरी, ठाणे (पूर्व)
14 जून 2025

प्रिय ओंकार,

सप्रेम नमस्कार वगैरे.

परवा रात्री साडेबाराला ग्राफिक्स कार्डाबद्दल तुझा एका ओळीचा मेसेज आला, "होस्टेलमधला एक जण आरएक्स 580 साडेचार हजारांत देतोय, घेऊ ना?" मी "थांब, लिहितो" एवढंच कळवलं. चिडला असशील. पण याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही, आणि व्हॉइस नोट पाठवली तर तू ती दुप्पट वेगाने ऐकून अर्धी विसरतोस. आज सकाळपासून पाऊस आहे, शिकवणीची पोरं आलेली नाहीत, म्हणून बसलोय लिहायला.

घेऊ नकोस. निदान कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, स्टिकर वाचल्याशिवाय तरी नको.

आपले दोघांचे पीसी जुळे आहेत, आठवतंय ना? 2013 च्या दिवाळीत दोघांच्या बाबांनी स्टेशनजवळच्या एकाच दुकानातून एकदम घेतले, दोन घेतोय म्हणून भाव पाडायला बरं. आय5-3470 प्रोसेसर, एच61 मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. तुमच्या मॉनिटरवर काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं, आमच्याकडे जुना टॉवेल. तर एसएमपीएसही तोच असणार. माझा मी मे महिन्यात पहिल्यांदा नीट पाहिला. वर ठसठशीत 450 वॉट. खाली बारीक अक्षरांत तक्ता, आणि त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर. कर गुणाकार. 168 वॉट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचं पोट मुख्यतः त्या 12 व्होल्टवरच भरतं. आरएक्स 580 एकटं 185 वॉटचं आहे, त्यात आपल्या आय5 चे 77. शिवाय त्या कार्डाला 8 पिनची वायर लागते, ती आपल्या एसएमपीएसला नाहीच. तो विकणारा तुला सांगेल की मोलेक्सचं, म्हणजे जुन्या 4 पिनच्या वायरीचं, कन्व्हर्टर लाव, चालतं. चालतंही, काही दिवस. मग एका रात्री ऐन गेममध्ये मशीन फट्‌कन बंद होतं, किंवा वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडल्याचा वास येतो. बारा वर्षांच्या कपॅसिटरकडून एवढी अपेक्षा करू नये रे.

मीही कार्डापासूनच सुरुवात करणार होतो, खोटं कशाला बोलू. दिवाळीपासून शिकवणीचे पैसे साठवून बारा हजार झाले होते आणि डोक्यात फक्त कार्ड. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी तो चालू व्हायला तीन मिनिटं घेतो त्याचं बघ की." राग आला, पण पटलं. संध्याकाळी टास्क मॅनेजर उघडून बसलो. गेम सुरू करायच्या आधीच डिस्क शंभर टक्के, मेमरी नव्वदच्या वर. म्हणजे बिचारा प्रोसेसर रिकामा बसलाय आणि हार्ड डिस्क धापा टाकतेय.

म्हणून पहिली खरेदी एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कची, 256 जीबी, 1,550 रुपये. एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. आपल्या एच61 बोर्डावर डिस्क जोडायला जुनं साटा 2 आहे, त्यामुळे खोक्यावर सेकंदाला 500 एमबी लिहिलं असलं तरी आपल्याला त्याच्या निम्माच वेग मिळतो. तेव्हा महागडी एसएसडी घेऊन उपयोग नाही. पण वेग निम्मा असला तरी फायली शोधण्यात हार्ड डिस्कची जी डोकं फिरवत बसण्याची भानगड असते ती संपते. तीन मिनिटांचे पंचवीस सेकंद झाले. बाबा दोनदा बंद-चालू करून बघत होते.

रॅम जुन्या बाजारातली, 8 जीबीची एक स्टिक, 700 रुपये. डीडीआर3 च बघून घे, डीडीआर4 ची खाच वेगळी असते, बसतच नाही. जुनी 4 तशीच ठेवली, एकूण 12. जोडी विजोड असली तरी इंटेलचा कंट्रोलर सांभाळून घेतो. पहिले चार-चार जीबी जोडीने चालतात, वरचे चार एकटे. लावल्यावर मात्र स्क्रीन काळी आणि नुसता लांब बीप. घाम फुटला! मग आठवलं, शाळेत लॅबवाले सर काय करायचे ते. दोन्ही स्टिकचे सोनेरी दात खोडरबरने घासले, पुन्हा बसवल्या, चालू. आमचं घर खाडीच्या बाजूला, दमट हवेने सगळ्याला काट चढतो. तुझ्या कराडला एवढा त्रास नसेल.

आता कार्ड. मे महिन्यातल्या एका शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो (रविवारी जाऊ नकोस, बहुतेक शटर खाली असतात). ठाण्याहून फास्टने दादर, तिथून पश्चिमेची स्लो पकडून ग्रँट रोड. पहिल्याच दुकानात समोर आलं ते आरएक्स 580, दोन पंख्यांचं, बघून तोंडाला पाणी सुटावं असं. पण उलटं करून पाहिलं तर थर्मल पॅडमधलं तेल बोर्डावर ओघळलेलं, आणि एक पंखा बोटाने फिरवला की खरखरत होता. बिल नाही. "मायनिंगचं आहे का?" (म्हणजे क्रिप्टोच्या नाण्यांसाठी रात्रंदिवस राबवलेलं) विचारलं तर माणूस हसला आणि फायनल भाव पाचशेने उतरवला. यावरून काय ते समज. तुझ्या होस्टेलवाल्याचं कार्डही उलटं करून बघ.

तिसऱ्या दुकानात जीटीएक्स 1650 मिळालं, 4 जीबीचं, 6,300 ला, बिलावर लिहून सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. हे कार्ड 580 पेक्षा हळू आहे, ते मान्य. पण ते 75 वॉटचं आहे, आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून 75 वॉटपर्यंत वीज मिळते. 6 पिनची वायर मागणारी 1650 पण असतात, ती टाळून बिनवायरीचं मागून घेतलं. त्याच फेरीत एसएमपीएस, 80 प्लसवाला (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला), 450 वॉट, 2,400 रुपये. याच्या स्टिकरवर 12 व्होल्टचे अँपिअर दुप्पटीहून जास्त आहेत. वजनातच कळतं, जुना डबा त्याच्यापुढे रिकामा वाटतो. पैसे देताना जीवावर आलं, कारण याने गेममध्ये सेकंदाला एक फ्रेमसुद्धा (चित्र) वाढत नाही. पण उद्या पीसी बदलला तरी हा सोबत येईल.

घरी येऊन सगळं जोडलं आणि मग लक्षात आलं की मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे आणि कार्डाला व्हीजीए नाही. एवढा अभ्यास केला आणि मागचं भोक बघितलं नाही! कार्डाला डीव्हीआय होतं, म्हणून आशेने त्याचा अडॅप्टर शोधला, तर ते डीव्हीआय-डी, त्यातून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. दुसऱ्या दिवशी गोखले रोडवरून एक साधी एचडीएमआय टू व्हीजीए केबल आणली, तीही मुकी. आत चिप असलेलं कन्व्हर्टर लागतं, 350 रुपये. केबलचे पैसे गेले ते गेलेच, ते मी हिशोबात धरलेले नाहीत. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली, उष्णता काढणारी पेस्ट बदलायला आणखी दीडशे. सगळं धरून 11,450.

आणि मिळालं काय? जीटीए 5 आधी स्लाइड शोसारखा चालायचा, आता हाय सेटिंगवर सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये स्मोक पडला की जरा अडखळतो, तो प्रोसेसरमुळे. हे कसं कळलं सांगतो, तूही करून बघ, फुकट आहे. रिझोल्यूशन कमी कर. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, नाही वाढल्या तर प्रोसेसर. आपल्या मॉनिटरला मी इतकी वर्षं नावं ठेवली, पण 1366 बाय 768 म्हणजे फुल एचडीच्या साधारण निम्मेच पिक्सल. छोट्या कार्डाला तो मानवतो. मोठा मॉनिटर घ्यायचं मनातसुद्धा आणू नकोस सध्या.

एवढ्यावर सगळं चालेल असं मात्र नाही. आपल्या प्रोसेसरला एव्हीएक्स2 नावाच्या नव्या सूचना कळत नाहीत, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत, कार्ड कुठलंही लावा. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपतोय आणि विंडोज 11 ला आपला प्रोसेसर चालत नाही. त्याच सॉकेटमध्ये आय7-3770 बसतो, चार कोअर, आठ थ्रेड. जुन्या बाजारात शोधतोय, पण दोन हजारांच्या वर एक रुपया देणार नाही. त्याहून जास्त ओतायचे तर मग नव्या बोर्डासाठीच साठवलेले बरे.

तर आता तू एवढंच कर. प्लग काढ, कॅबिनेटचे दोन स्क्रू सोड, स्टिकरचा फोटो पाठव. तक्ता नीट दिसला पाहिजे, तुझे ते हललेले फोटो नकोत. एसएमपीएसवर माझ्यासारखेच 14 अँपिअर असतील तर त्या मुलाला नाही म्हणून सांग आणि साडेचार हजारांतून आधी एसएसडी आणि रॅम घे. गणपतीला येशील तेव्हा उरलेल्याचं लॅमिंग्टन रोडला बघू. शनिवार मोकळा ठेव.

आणि हो, माझा तो लाल दिव्याचा माउस तुझ्याकडे आहे. येताना आण.

तुझा,
निखिल