सर्वांना एक गुण दिला, पण गेलेल्या वेळेचं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षेत एखादा प्रश्न चुकीचा निघाला की परीक्षा मंडळाकडून ठरलेलं पत्रक निघतं : ‘प्रश्न क्रमांक अमुक रद्द, सर्व उमेदवारांना पूर्ण गुण.’ बातमी तिथेच संपते. नर्सिंगच्या एका परवाना परीक्षेसाठी प्रश्न तपासणाऱ्या समितीवर मी अकरा वर्षं होते. अशा एका पत्रकामागच्या चुकीला मीही जबाबदार आहे, म्हणून लिहिते आहे.

प्रश्न असा होता : एक लिटर सलाइन ८ तासांत द्यायचं आहे, तर दर मिनिटाला किती थेंब सोडाल? पर्याय २१, ३१, ४२ आणि १२५. उत्तरतालिकेत ३१. मूळ मसुद्यात ‘१ मिलिलिटरला १५ थेंब पडणारा सेट’ (सेट म्हणजे सलाइन देण्याची नळी) असे शब्द होते. प्रश्न आटोपशीर करताना ते गळाले. आम्ही पाच जणींनी तो वाचला, पण प्रत्येकीच्या मनात १५ थेंबांचाच सेट होता, त्यामुळे काही खटकलं नाही. सेट मात्र १०, १५, २० आणि ६० थेंबांचे असतात. आमचे चार पर्याय म्हणजे नेमकी त्या चार सेटची उत्तरं होती. चुकीचे पर्याय विचारपूर्वक रचलेले होते, आणि तेवढी एक ओळ जाताच चारही बरोबर ठरले.

निकालाआधी प्रत्येक प्रश्नाची दोन मूल्यं काढतात. तो किती जणांना सुटला हे काठिण्यमूल्य. एकूण गुणांत वरच्या २७ टक्क्यांना तो खालच्या २७ टक्क्यांपेक्षा किती अधिक सुटला, हे भेदनमूल्य. (२७ हा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ साली गणिताने काढून दाखवला.) आमच्या प्रश्नाचं भेदनमूल्य शून्याच्या खाली गेलं. ज्यांना एकच सूत्र पाठ होतं त्यांनी ३१ वर खूण केली आणि त्या पुढे गेल्या. ज्यांना सगळे सेट माहीत होते त्या अडकल्या. एका मुलीने आक्षेपाच्या अर्जात लिहिलं होतं की या प्रश्नावर तिची सात मिनिटं गेली आणि शेवटचे सहा प्रश्न वाचूनही झाले नाहीत.

तिलाही इतरांसारखाच एक गुण मिळाला. सर्वांना सारखा गुण दिला की क्रम तोच राहतो, जो प्रश्न काढून टाकल्यावर राहिला असता. तिची सात मिनिटं कुणी परत केली नाहीत. उत्तीर्णतेच्या रेषेचा हिशेब मात्र बदलतो. ती रेषा ठरवण्याची विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९७१ पासून रूढ आहे. कामापुरती पात्रता जेमतेम असलेल्या शंभर उमेदवारांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील, याचा तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नासाठी अंदाज करतात आणि त्या अंदाजांची बेरीज ही रेषा होते. समजा, आमच्या प्रश्नाला ०.७, म्हणजे शंभरांत सत्तर, धरले होते. प्रश्न रद्द झाला तर रेषा ०.७ ने खाली आणायची, फुकटचा गुण कुणालाच द्यायचा नाही. पूर्ण गुण वाटला आणि रेषा तिथेच ठेवली, तर अडवायच्या होत्या अशा काही जणीही आत येतात. पुढे त्यांच्या हातात रुग्ण असतो.

यावरचा खरा इलाज परीक्षेच्या आधीचा आहे. नवा प्रश्न गुणांसाठी वापरण्याआधी तो चालू परीक्षेतच, गुण न मोजता, इतर प्रश्नांत मिसळून विचारायचा. ही त्या प्रश्नाची चाचणी. कोणता प्रश्न मोजला जाणार नाही हे उमेदवाराला कळत नाही, म्हणून ती तोही मनापासून सोडवते. आमचा प्रश्न असा एकदा विचारला गेला असता, तर ते शून्याखालचं भेदनमूल्य तिथेच दिसलं असतं आणि तो प्रश्न गुणांसाठी वापरलाच गेला नसता.

यावर मी अनेकदा ऐकलेलं उत्तर म्हणजे ‘प्रश्न फुटतील’. ही भीती खोटी नाही, उलट लोकांना वाटते त्याहून खोल आहे. दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी जुळवायला काही प्रश्न दोन्हींत समान ठेवतात. हे समान प्रश्न फुटले, तर नवी तुकडी त्यांत जास्त गुण घेते आणि अधिक हुशार भासते. उरलेल्या प्रश्नांत तिचे गुण नेहमीसारखेच असतात, त्यामुळे हिशेब सांगतो की नवी प्रश्नपत्रिका अवघड होती, आणि सगळ्या तुकडीचे गुण वर सरकतात. ज्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं त्यांचेही. पण ही जोखीम समान प्रश्नांची आहे, आणि ते राखण्यासाठीच प्रश्नपेढी मोठी लागते. चाचणीच्या प्रश्नांचे लहान लहान गट करून वेगवेगळ्या उमेदवारांना दिले, तर एका उमेदवाराच्या नजरेला त्यांतले मोजकेच पडतात. फुटण्याच्या भीतीने चाचणीच न घेणं मला पटत नाही.

आणखी एक मागणी. निकालासोबत गुणांची प्रमाण त्रुटी छापा, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या कुवतीपासून साधारण किती इकडेतिकडे असू शकतात तो आकडा. परीक्षेची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती जुळेल, याचं १ पैकी माप) ०.९१ आणि गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १० असेल, तर ही त्रुटी ३ गुणांची येते. म्हणजे ४९ आणि ५० गुणांच्या दोघींतला फरक त्या एका परीक्षेवरून सांगता येत नाही. रेषा कुठेतरी आखावीच लागते, हे मला मान्य आहे. पण ४९ वाल्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना हा आकडा कळायला हवा. मंडळांकडे तो असतो. रद्द झालेल्या प्रश्नाची दोन्ही मूल्यंही असतात. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या ‘सर्वांना पूर्ण गुण’ पत्रकाच्या दिवशी एवढे तीन आकडे मागावेत आणि तो प्रश्न आधी तपासून पाहिला होता का, हे विचारावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका