गेममधली लाथ आणि खरी लाथ

महोदय,

मी कराटे शिकवतो. ‘गेममुळे मुलं बिघडतात’ हे पालक मला हक्काने ऐकवतात. मला ते सरसकट पटत नाही; काही गेममध्ये लढण्याचं खरं तंत्र दिसतं. १९९३च्या ‘व्हर्च्युआ फायटर’ या गेममधला अकिरा ‘बाजीचुआन’ या चिनी युद्धकलेने लढतो. पाय जमिनीवर आपटत तो आत घुसतो आणि कोपर, नाहीतर सरळ खांदा-पाठच समोरच्यावर आदळतो. अंतर मिटवून अंगाचं सगळं वजन एका धक्क्यात ओतायचं, हे त्या विद्येचं मर्मच. ‘टेकन ३’मधल्या एडीचं सतत डुलणंही शोभेचं नाही, कापोइरा या ब्राझीलच्या युद्धकलेत त्याला जिंगा म्हणतात, हल्ला त्यातूनच निघतो.

उलट ‘स्ट्रीट फायटर २’चा धालसिम! भारतीय योगी म्हणे, आणि गळ्यात कवट्या, रबरासारखे लांबणारे हात, तोंडातून आग. केरळची युद्धकला कलरीपयट्टू कुणाला आठवलीच नाही.

कॉमिक्सची अडचण वेगळी. चौकटीत लाथ लागलेली दिसते, पण टेकलेल्या पायाची टाच कशी वळली, ते दोन चौकटींच्या मध्ये हरवतं. नवखी मुलं नेमकी तिथेच गुडघा दुखवून घेतात.

आपल्या गेम-परीक्षणांत चित्र-आवाजाबरोबर लढण्याच्या तंत्रावरही दोन ओळी याव्यात, ही विनंती.

— एक कराटे प्रशिक्षक