सप्लायची वायर नसलेला मिक्सरही वीज खातो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत बिनतारी सेन्सरच्या बॅटरीवर आलेला लेख आवडला. पण ‘पॅसिव्ह मिक्सरला वीज लागतच नाही’ असं एक वाक्य त्यात सहज येऊन गेलं आहे. (मिक्सर म्हणजे रेडिओत सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग, आणि पॅसिव्ह म्हणजे सप्लायची जोडणी नसलेला.) त्याच समजुतीपायी मी एकदा चांगला फसलो होतो, म्हणून हे पत्र.

मी हौशी रेडिओ ऑपरेटर, म्हणजे हॅम. अँटेनाकडून आलेला सिग्नल आणि सेटमधल्या लोकल ऑसिलेटरचा सिग्नल यांचा मिक्सर गुणाकार करतो आणि त्यातून निघणारी फरकाची फ्रिक्वेन्सी पुढे जाते. १९१८ साली अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँगने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर मांडला, तेव्हापासून बहुतेक सगळे रिसीव्हर याच तत्त्वावर चालत आले.

बॅटरीवर चालणारा छोटा सेट करताना मी चार डायोडचा रिंग मिक्सर निवडला. दोन ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, सप्लायची वायर नाही. वाटलं, हा भाग फुकटात पडला! सेट पुरा झाल्यावर मीटर लावला, तर ऑसिलेटरचा सिग्नल मिक्सरपर्यंत जोराने पोचवणारा एकटा बफर १२ व्होल्टवर १५ मिलिअँपिअर ओढत होता. म्हणजे १८० मिलिवॅट. कारण साधं आहे. त्या डायोडना नीट उघडझाप करायला ७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत पॉवर मोजायचं माप), म्हणजे ५ मिलिवॅट लागतात. मिक्सरच्या जोडणीला ५० ओम दिसावेत म्हणून मध्ये मी ६ डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारे रेझिस्टर, टाकला होता, त्यात तीन चतुर्थांश पॉवर नुसती तापण्यात गेली. उरलेलं बफर स्वतःच खात होता. शिवाय मिक्सरमध्ये सिग्नलचे साधारण ६ डीबी जातात, ते भरून काढायला पुढे आणखी एक ॲम्प्लिफायर. त्याचा करंट मी रागाने मोजलाच नाही.

मग उलट टोकाला गेलो. एनई६०२ ही आयसी बसवली. हा गिल्बर्ट सेल, म्हणजे सप्लायवर चालणारा ॲक्टिव्ह मिक्सर, आणि आतला ऑसिलेटर धरूनही करंट जेमतेम २.४ मिलिअँपिअर. वर गेनही मिळतो, म्हणजे सिग्नल मोठा होतो. बॅटरी सुखावली. पण संध्याकाळी बँडवर जोरदार स्टेशनं आली की ही आयसी गुदमरायची आणि जिथे कुणीच नाही तिथेही आवाज ऐकू यायचे. कमी करंटची किंमत ती अशी वसूल करते. याला मी आयसीचा दोष म्हणत नाही. ती ज्या कामासाठी केली आहे, त्यात ती उत्तमच आहे.

तिसरा प्रयत्न स्विचच्या मिक्सरचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचे स्विच आळीपाळीने उघडझाप करून सिग्नल कापणाऱ्या मिक्सरचा. त्यातल्या स्विचमधून डीसी करंट वाहत नाही. मात्र स्विचना चार फेजचं क्लॉक, म्हणजे पाळीपाळीचे चार ठोके, पुरवणारे फ्लिपफ्लॉप (छोटी डिजिटल सर्किटं) चौपट फ्रिक्वेन्सीवर पळतात: १४ मेगाहर्ट्झ ऐकायचं तर ५६ मेगाहर्ट्झ. खालच्या बँडवरून वर जावं तसा मीटरचा आकडा चढत जायचा. कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी हे पुस्तकातलं सूत्र मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. तो भाग ५ व्होल्टवरून ३.३ वर आणला आणि त्याचा खर्च निम्म्याखाली आला. इतकी स्वस्त सुधारणा मी दुसरी केलेली नाही.

आता हाच हिशेब चिपमध्ये करून पाहा. समजा, प्रत्येक स्विचच्या गेटचा (तो उघडणाऱ्या टोकाचा) कपॅसिटन्स १०० फेम्टोफॅरड, क्लॉक १ व्होल्टचं आणि फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ. एका फेजला ०.२४ मिलिवॅट, चारांना मिळून जवळपास १ मिलिवॅट. त्यात डिव्हायडर (फ्रिक्वेन्सी भागणारं सर्किट) आणि बफर धरलेच नाहीत. १.२ व्होल्टवर १ मिलिअँपिअर घेणारा गिल्बर्ट सेल १.२ मिलिवॅट खातो. तेव्हा ‘शून्य’ कुठे राहिलं? क्लॉकचं व्होल्टेज उतरवावं, तर स्विच अर्धवट उघडतो आणि त्याचा रेझिस्टन्स वाढतो. रेझिस्टन्स कमी करायला ट्रान्झिस्टर रुंद करावा, तर गेटचा कपॅसिटन्स पुन्हा वाढतो. या ओढाताणीतच डिझायनरचा दिवस जातो. ॲक्टिव्ह मिक्सरचीही वेगळी रड आहे. त्यात ट्रान्झिस्टर एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे सप्लाय कमी केला की त्यांना जागाच उरत नाही. थ्रेशोल्डच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट सुरू होण्याच्या व्होल्टेजच्या, खाली चालवले तर करंट वाचतो, पण वेग आणि लिनिअ‍ॅरिटी (जोरदार सिग्नलही न बिघडवता हाताळण्याची क्षमता) हातची जाते.

लेखातला एक मुद्दा मात्र मला मनापासून पटला: रिसीव्हर जागा किती वेळ राहतो, हे आधी पाहा. ब्लूटूथ लो एनर्जीच्या साध्या १ मेगाबिटच्या मोडमध्ये रिसीव्हरकडून किमान उणे ७० डीबीएम इतकीच संवेदनशीलता मागितली जाते. अट इतकी सैल असताना मिक्सरचा नॉइज शेवटच्या डीबीपर्यंत घासण्यापेक्षा क्रिस्टल लवकर स्थिर होऊन सेट लवकर झोपला, तर बॅटरीला जास्त आराम.

विनंती एवढीच, की पुढे मिक्सरच्या तुलनेचा तक्ता छापाल तेव्हा मिक्सरच्या रकान्याशेजारी ऑसिलेटर, डिव्हायडर, बफर आणि पुढचा ॲम्प्लिफायर यांच्या करंटचाही एक रकाना ठेवावा.

आपला,
एक हौशी रेडिओ ऑपरेटर