ताई, तो एक तुकडा सलाइनमध्ये ठेवल्याबद्दल

पुणे

आदरणीय ताई,
स.न.वि.वि.

बायोप्सीच्या रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. स्लाइड बनवणाऱ्या टेक्निशियनचं, म्हणजे तुमचं, नाव त्यावर येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

मुलांच्या मेंदूच्या आवरणाला चिकटून वाढणारा मायलॉइड सार्कोमा म्हणजे मुळात एएमएल, रक्ताचाच कॅन्सर. एमआरआयवर मात्र तो मेनिंजिओमासारखा (मेंदूच्या आवरणाच्या गाठीसारखा) दिसतो, सीटी स्कॅनवर कधी साकळलेल्या रक्तासारखा. त्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, नॉर्मल आली की ल्युकेमिया कुणाच्या मनातही येत नाही आणि सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, जातो. मग फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) होत नाही, कारण तिला ताज्या, सुट्या पेशी लागतात. तुम्ही आधीच थिएटरला फोन करता: "एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा द्या. बाटली बर्फावर ठेवा, पण तुकडा बर्फाला लागू देऊ नका."

ताजा तुकडा हिरवट दिसला तर तुम्ही ते लगेच फॉर्मवर लिहिता. हा रंग मायलोपेरॉक्सिडेज (एमपीओ) या पेशींतल्या एन्झाइमचा. हवा लागली की तो उडतो, नंतर पाहणाऱ्याला दिसतच नाही. त्या रंगावरूनच १८५३ मध्ये या गाठीला क्लोरोमा हे नाव मिळालं.

सर्वांत मोठे आभार त्या जादा कोऱ्या स्लाइडींचे. सुईने काढलेला नमुना काही मिलिमीटरचा; तो बसवलेला मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) पुन्हा चढवला की ट्रिमिंगमध्येच निम्मा संपतो. तुम्ही पहिल्याच वेळी जास्तीचे काप घेऊन ठेवता. लहान गोल पेशी आणि सीडी ९९ (पेशीवरची एक खूण) पॉझिटिव्ह एवढ्यावर इविंग सार्कोमा, म्हणजे हाडाचा किंवा मऊ ऊतींचा कॅन्सर, म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण सीडी ४३ पॉझिटिव्ह आणि लिम्फोसाइटच्या खुणा सीडी ३, सीडी २० निगेटिव्ह आल्या, की मायलॉइड पेशी ओळखणाऱ्या एमपीओ, सीडी ११७, लायसोझाइम या चाचण्या लावायला स्लाइडी तयार असतात.

या निदानावर पुढचं सगळं ठरतं. सर्जनला अख्खी गाठ काढण्याचा धोका सहसा पत्करावा लागत नाही. बोन मॅरो स्वच्छ असला तरी एएमएलची पूर्ण केमो द्यावी लागते, नाहीतर बहुतेकांत काही महिन्यांत ल्युकेमिया उफाळतो. त्या केमोतलं मोठ्या डोसचं सायटाराबिन हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. पण ते सेरेबेलमला (हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला) इजा करू शकतं, म्हणून प्रत्येक डोसआधी सिस्टर मुलाकडून कागदावर सही करून घेतात. अक्षर हललं की डोस थांबतो.

एक विनंती: तुमची ती सलाइनची सूचना थिएटरच्या भिंतीवर लावू का? रात्रपाळीला आणि रविवारी तुम्ही फोनवर नसता.

आपले,
रक्तविकार वॉर्डातील डॉक्टर आणि सिस्टर