डेरिक सर, बालेवाडीच्या त्या दुपारांबद्दल

आदरणीय डेरिक परेरा सर,

तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही पुणे एफसी या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक म्हणून बालेवाडीच्या मैदानाकडेला उभे असायचात आणि मी वर स्टँडमध्ये, ऊन चुकवत, बहुतेक वेळा ऑफिसला काहीतरी थाप मारून.

पुण्यात फुटबॉलवेडे तेव्हाही कमी नव्हते. पण आमचे संघ सगळे मँचेस्टर नाहीतर लिव्हरपूलचे! रात्री जागून परक्या गावासाठी घसा फोडायचा, एवढंच. अशा गावात तुम्ही 2009 मध्ये पुणे एफसीकडे आलात आणि आय-लीगमधल्या, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमधल्या, आपल्या पहिल्याच मोसमात संघ तिसरा आला. 2012-13 मध्ये तर दुसरा. पुढे होतं ते तुमच्याच गोव्याचं चर्चिल ब्रदर्स, म्हणून तेवढा राग धरला नाही.

पण हे पत्र क्रमांकांसाठी नाही. मी आधी फक्त चेंडू बघायचो. तुम्ही स्वतः गोव्याच्या साळगावकर क्लबच्या बचावफळीत वर्षानुवर्षं खेळलेले. मागे गोलमध्ये ब्रह्मानंद संखवाळकर, आणि 1988 व 1989 असा सलग दोनदा जिंकलेला फेडरेशन कप, देशातल्या क्लबांची मोठी स्पर्धा. हे कळल्यावर तुमचा पुण्याचा संघ मी मागच्या चौघांपासून बघायला लागलो. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना हे चौघे काय करतात, कोण कोणाला हाक मारतो, कोण दोन पावलं आत सरकतो. ती सवय अजून सुटलेली नाही. बायको म्हणते, सगळे गोल बघतात आणि हे भलतीकडेच बघतात.

2011 च्या आशियाई कपमध्ये आपल्या पुणे एफसीचा सुब्रत पाल भारतासाठी एकामागून एक गोल अडवत होता, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना सांगत होतो, 'आपल्या पुण्याचा गोली आहे.' तो बंगालचा, मान्य. आपल्याच संघातला अराता इझुमी तर जपानमधून आलेला, पुढे भारताचा नागरिक होऊन भारताकडूनही खेळला. पण आमच्यासाठी दोघेही पुण्याचेच.

एक सल मात्र आहे. पुण्याला येण्याआधी तुमच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची देशातली सर्वोच्च लीग, जिंकली. ती लीग मुंबईत आणणारा तो एकमेव संघ, आणि 2010 मध्ये तोही बंद झाला. पुढे आमचा पुणे एफसीही गेला. तुम्ही मात्र पुन्हा कामाला लागलात. 2021 च्या डिसेंबरमध्ये एफसी गोवाचा प्रशिक्षक मोसमाच्या मध्यावर सोडून गेला, तेव्हा तांत्रिक संचालकाची खुर्ची सोडून तुम्ही परत मैदानाकडेला आलात. टीव्हीवर तुम्हाला तिथे पाहिलं आणि बालेवाडीचं ऊन आठवलं.

पुण्यातल्या त्या चार मोसमांसाठी मनापासून आभार. पुण्याला कधी आलात तर बालेवाडीत चक्कर मारा. आम्ही कुठे बसायचो ते दाखवतो.

आपला,
स्टँडमधला एक पुणेकर