विषय: ‘शांत ड्वार्फ सिक्लिड संच’ आणि तुमच्या ग्राहक सेवेने केलेले कावीळीचे निदान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे लहान जातीच्या शोभेच्या माशांच्या संचाबद्दल तुमच्या माणसाशी बोलून आत्ताच फोन ठेवला. तो शेवटचा. यापुढे जे काही असेल ते लेखी.

संचात काय असते ते मी सांगायला नको, पेटी तुम्हीच भरता. क्रिबेन्सिसची जोडी, जर्मन ब्लू रॅमची जोडी, काकाटुओइडीसचा एक नर आणि दोन माद्या, अगासिझीचा एक नर आणि दोन माद्या, वर कोरिडोरासचा, म्हणजे तळाशी हिंडणाऱ्या छोट्या मिशीवाल्या माशांचा, घोळका. आणि हे सगळे संचाबरोबरच आलेल्या ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद टाकीत. पत्रकावर छापले आहे, ‘आकाराने लहान, म्हणून एकत्र सुखाने नांदतात.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने पिल्ले राखणारी क्रिबेन्सिसची जोडी एकदा तरी पाहिली आहे का, एवढे मला कळवा.

टाकीत पाणी किती लिटर आहे याचा इथे काही उपयोग नाही. अपिस्टो (काकाटुओइडीस आणि अगासिझी दोन्ही अपिस्टोच) आणि क्रिबेन्सिस तळाशी राहतात, तळासाठी भांडतात, आणि तळ तेवढाच आहे. तुम्ही एका खोलीत चार बिऱ्हाडे घातलीत आणि दारावर ‘शांतता’ अशी पाटी लावलीत. शिवाय गुहा म्हणून दिलीत एक! मातीची, सुबक, मान्य. पण अंडी घालायला गुहा शोधणाऱ्या जाती तीन आणि गुहा एक, हा हिशेब कुणी केला?

व्हायचे तेच झाले. गुहा क्रिबेन्सिसने घेतली. अंडी फुटली, पिल्ले पोहू लागली आणि आईबाप दोघे मिळून पिल्लांचा ढग घेऊन अर्धी टाकी हिंडू लागले. रॅमचा नर हीटरमागे जाऊन बसला, पंख फाटलेले. रॅमची मादी मेली. कोरिडोरासना हद्द नावाचा प्रकार कळत नाही, ते रात्री सरळ पिल्लांत घुसतात. त्यातल्या एकाचा डोळा गेला. अगासिझीचा नर पृष्ठभागाशी, फिल्टरच्या नळीला चिकटून. उरलेल्या कोपऱ्यात काकाटुओइडीसच्या एका मादीने लाकडाखाली अंडी घातली आणि ती पिवळीजर्द झाली. अंगावर ठसठशीत काळ्या खुणा. जो जवळ येईल त्याला पिटाळायची, स्वतःच्या नरालासुद्धा.

यासाठी मी फोन केला. विचारायचे एवढेच होते की तुम्ही क्रिबेन्सिस आणि अगासिझी परत घेता का. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देते, कारण तुमच्याकडे म्हणे सगळे कॉल ध्वनिमुद्रित होतात.

तो म्हणाला, “मॅडम, मासे आहेत, थोडी मस्ती करणारच. रुळतील.”

मी म्हटले, एक मेला आहे, एकाचा डोळा गेला आहे, ही मस्ती नव्हे. आणि काकाटुओइडीसची मादी पिवळी झाली आहे, म्हणजे आता ती कुणालाच फिरकू देणार नाही.

तो एकदम सावध झाला. “पिवळी पडली? मग ती आजारी आहे, मॅडम. कावीळ असेल.”

मी पुन्हा विचारले, काय असेल? पुन्हा कावीळच. मी सांगितले की अपिस्टोच्या बहुतेक जातींत अंडी-पिल्ले राखणारी मादी अशीच पिवळी होते, हा रंगच बाकीच्यांना इशारा असतो. त्यावर टाइप केल्याचा आवाज आला आणि मग, “आमच्याकडे निळ्या बाटलीतले औषध आहे, ते टाकीत घाला. पाठवू का?” निळी बाटली म्हणजे मिथिलिन ब्लू. ते चालत्या टाकीत ओतले की फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मार खातात आणि अमोनिया चढतो. म्हणजे जे मासे एकमेकांच्या हातून वाचले ते तुमच्या बाटलीने जातील. मी नको म्हटले, कारणही सांगितले.

तेव्हा तो जरा मऊ आवाजात म्हणाला, “काकू, घरात कुणी जाणकार माणूस असेल तर त्यांच्याकडे फोन देता का?”

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला आणि म्हटले, बोला, दिला. त्याला ते कळले नाही. त्याने खरोखर “नमस्कार सर” म्हटले.

मॅडमवरून काकू आणि काकूवरून सर, एका कॉलमध्ये. तुमच्या प्रशिक्षण विभागाचे अभिनंदन.

शेवटी भरपाई म्हणून काय देऊ केले? आणखी एक संच. फुकट. म्हणजे त्याच टाकीत आणखी एक क्रिबेन्सिसची जोडी. हा विनोद असेल तर उत्तम आहे.

पत्रकाबद्दलही लिहितेच. सगळ्या माशांना तापमान २४ अंश छापले आहे. क्रिबेन्सिसला ते चालते. रॅमला २७ ते ३० लागते; २४ वर तो मलूल होतो, खाणे सोडतो आणि मग रोगाला बळी पडतो. आणि जर्मन ब्लू रॅमचे मूळस्थान ‘जर्मनी’? तो मासा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या उबदार, मऊ पाण्यातला. क्रिबेन्सिस पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरिया-कॅमेरूनकडचा. दोन वेगळ्या खंडांतले मासे एका पेटीत घालताना नकाशा तरी बघायचा. अगासिझी आणि काकाटुओइडीसच्या माद्या लहान असताना भल्याभल्यांना वेगळ्या ओळखता येत नाहीत, तुम्ही त्या एकाच पिशवीत पाठवल्यात. यातून उद्या संकराची पिल्ले निघाली तर ती कुठल्या नावाने द्यायची?

वेगवेगळे ड्वार्फ सिक्लिड एकत्र ठेवता येतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. टाकी १२० सेंटिमीटरची घ्या, एका टोकाला लाकूड, पाला आणि गुहांमध्ये एकच अपिस्टो, दुसऱ्या टोकाला मोकळी वाळू आणि सपाट दगड ठेवून रॅम. रॅम उघड्यावर अंडी घालतो, त्याला गुहा नको. मधे झाडी इतकी दाट की एकमेकांची तोंडे दिसू नयेत. वरच्या थरात पेन्सिलफिश. क्रिबेन्सिस वेगळ्या टाकीत. ६० सेंटिमीटरमध्ये अपिस्टोचा एक नर आणि एक-दोन माद्या, बस. हे तुमच्या कंपनीत कुणालाच माहीत नाही यावर माझा विश्वास नाही. माहीत आहे, पण चार जातींचा रंगीत फोटो जास्त खपतो.

वाईट याचे वाटते की तुमचा स्पंज फिल्टर माझ्याकडे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला आहे. त्या भरवशावर पेटी मागवली. फिल्टर बनवणारे आणि ही पेटी भरणारे एकाच कंपनीत आहेत हे खरे वाटत नाही.

मला संचाचे पूर्ण पैसे परत हवेत. क्रिबेन्सिसची जोडी पिल्लांसकट आणि अगासिझी तुम्ही तुमच्या खर्चाने न्यावेत, क्रिबेन्सिस आणि अगासिझी वेगवेगळ्या पिशव्यांत. हेही सांगावे लागते. पत्रक मागे घ्या. दुसरा संच पाठवू नका, पाठवलात तर दारातून परत जाईल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर हेच पत्र ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईल. ध्वनिमुद्रण तिथे मीच मागवून घेईन, “नमस्कार सर” सकट.

आपली, यापुढे फक्त स्पंज फिल्टरपुरती,
ग्राहक

सोबत: पावती, पत्रकाची प्रत, रॅमच्या फाटलेल्या पंखांचे फोटो, आणि पिवळ्या मादीचा फोटो (तब्येत उत्तम, पिल्लेही).