तांत्रिक पुस्तिकांची मराठी जुळणी शिकवायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदविका प्रवेशाचे दिवस आले की मुद्रणतंत्र शिकावे का, असे विचारायला काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक माझ्याकडे येतात. अवश्य शिकावे, असेच मी सांगतो. पण या शिक्षणातील एका उणिवेकडे आपल्या पत्रातून लक्ष वेधावेसे वाटते. गेली २२ वर्षे मी पुण्यात शेतीची अवजारे, पंप आणि विद्युत उपकरणे यांच्या मराठी माहितीपुस्तिकांची अक्षरजुळणी (म्हणजे मजकुराची पानांवर मांडणी) व छपाई करतो. शिकून आलेल्या मुलांना यंत्र चालवता येते, सॉफ्टवेअरही सफाईने वापरता येते. मात्र तांत्रिक मजकूर मराठीत कसा मांडावा, हे बहुतेकांना कोणी शेजारी बसवून शिकवलेले नसते.

मागील वर्षी फवारणी पंपाच्या एका पुस्तिकेचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आला. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेतात, बदलताना तक्त्यातील आकड्यांमधली आडवी रेघ गळाली आणि ‘दर पंपाला १०-१५ मिली’चे ‘१०१५ मिली’ झाले. शुद्धलेखनाची चूक नसल्यामुळे दोन वाचनांत ते कोणाच्याच लक्षात आले नाही. छपाईची प्लेट काढायच्या आदल्या संध्याकाळी, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचे, या शिशाच्या खिळ्यांनी अक्षरे जुळवण्याच्या काळापासूनच्या पद्धतीने तक्ता तपासला, तेव्हा ते सापडले. शेतकरी औषध मोजतो ते त्या तक्त्यावरून, या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

देवनागरीच्या गरजाही वेगळ्या आहेत. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर आपल्या लिपीला पुरत नाही, कारण वर रफार, वेलांटी व अनुस्वार असतात आणि खाली उकार असतो. तक्त्याच्या अरुंद घरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडला की वाचणारा अडखळतो. १० पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप) मराठी मजकुराला मी १५ ते १६ पॉइंटची ओळ देतो. वर्ड प्रोसेसरमधून आलेला काळा रंग छपाईच्या चारही रंगांच्या प्लेटांवर विभागला गेला, तर छपाईत कागद केसभर सरकताच अनुस्वाराभोवती लालसर-निळसर सावली उमटते. म्हणून बारीक अक्षर फक्त काळ्या प्लेटवर ठेवावे लागते. तसेच ३६ पानांची पुस्तिका १६ पानी फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत) बसत नाही, उरलेल्या चार पानांचा खर्च वेगळा पडतो, हे मांडणी सुरू करण्यापूर्वीच ठाऊक हवे.

आपल्याच राज्यात, मुंबईत, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपाचा लौकिक मिळवला आणि र. कृ. जोशींनी संगणकासाठी मंगल फॉन्ट रेखला. मराठीच्या वर्णमालेबाबत व अक्षररूपांबाबत राज्य शासनाचा निर्णयही २००९ पासून आहे. असे असूनही एकाच पुस्तिकेत ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन रूपे दिसतात, आणि ती खटकणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाला माझी विनंती आहे की, मुद्रण पदविकेच्या शेवटच्या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याने एका मराठी तांत्रिक पुस्तिकेचे काम कच्च्या मजकुरापासून बांधलेल्या प्रतीपर्यंत स्वतः पूर्ण करावे, आणि ती प्रत प्रत्यक्ष उपकरण वापरणाऱ्या माणसाच्या हाती देऊन तो कुठे अडतो याची नोंद ठेवावी. गुण देताना या नोंदीलाही महत्त्व असावे. अशा विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे बसून प्रुफे वाचायची असतील, तर त्यांना मी आनंदाने आणि विनामोबदला शिकवीन.

आपला,
एक मुद्रक, पुणे